समोरून खटखट: बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि लोअर आर्मचे बुश घरी बदलताना

खड्ड्यातून जाताना समोरून एकच कोरडा 'खट्'. गुळगुळीत रस्त्यावर काही नाही. ब्रेक दाबला की पुन्हा एक 'खट्', सोडला की आणखी एक. पुढच्या सस्पेन्शनचे सांधे झिजायला लागले की गाडी अशी बोलायला लागते. हे सांधे घरी बदलता येतात. अंगमेहनत आहे, निम्मा दिवस जातो, एक खास हत्यार लागतं, पण इंजिन उघडण्याइतकं हे काम किचकट नाही. जुनं निघेल का, या धास्तीनं लोक हात लावत नाहीत. ते निघतं. चूक होते ती नवं कसताना, म्हणून त्या भागावर पुढे जरा जास्तच लिहिलं आहे.

हे सगळं मॅकफर्सन स्ट्रटच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, म्हणजे आजच्या बहुतेक लहान-मध्यम गाड्या. त्यात वर शॉकअब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असलेला स्ट्रट आणि खाली एकच लोअर आर्म असतो. आर्मचं आतलं टोक दोन रबरी बुशांवर बॉडीला किंवा सबफ्रेमला धरलेलं, बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट (वाटीत फिरणारा गोळा आणि त्याला दांडा). तो ज्या ओतीव तुकड्यात बसतो त्याला नकल म्हणतात. चाकाचं बेअरिंग आणि ब्रेकचा कॅलिपरही त्यावरच. नकलला मागून किंवा पुढून स्टिअरिंगच्या टाय रॉडचं, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांडीचं टोक येऊन मिळतं; तोच टाय रॉड एंड.

तुमच्या गाडीला वर-खाली दोन आर्म असतील आणि स्प्रिंग किंवा टॉर्शन बार खालच्या आर्मवर बसलेला असेल, तर इथेच एक गोष्ट ठरवून टाका: त्या गाडीत आर्मखाली जॅकचा भक्कम आधार दिल्याशिवाय बॉल जॉइंट सोडवायचा नाही. दबलेली स्प्रिंग आर्मला खाली भिरकावते आणि वाटेत हात आला तर हात तोडते. स्ट्रटच्या गाडीत स्प्रिंग स्ट्रटच्या दोन वाट्यांमध्येच कोंडलेली असते, त्यामुळे बॉल जॉइंट सुटला तरी ती उडत नाही. घरच्या कामाला हा प्रकार सोपा पडतो तो यामुळे.

आधी आवाज कुठला ते पक्कं करा

अंदाजानं सुटे भाग बदलत सुटणं ही सगळ्यात महागडी पद्धत. पुढची दोन्ही चाकं उचलून, स्टँडवर गाडी ठेवून, चाकाला घड्याळाची तबकडी समजा. बारा आणि सहावर हात ठेवून चाक आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर तो बॉल जॉइंटचा असेल किंवा चाकाच्या बेअरिंगचा. दोन्हींतला फरक ओळखायला कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर डिस्क आणि नकल एकमेकांना जखडले जातात, म्हणून बेअरिंगचा खेळ नाहीसा होतो. तरीही चाक हललं, तर बॉल जॉइंट. खात्रीसाठी पहारीचं टोक आर्म आणि नकलच्या फटीत घालून हलकेच उचला आणि दुसऱ्या हाताचं बोट सांध्यावर ठेवा. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला लगेच कळते.

आता नऊ आणि तीनवर हात. इथे खेळ असेल तर बाहेरचा टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड (टाय रॉड जिथे स्टिअरिंगच्या रॅकला, म्हणजे त्याला डावी-उजवीकडे ढकलणाऱ्या दातेरी दांडीला जोडतो तो सांधा). यासाठी मला दुसरी चाचणी जास्त भरवशाची वाटते: चाकं जमिनीवर, कुणीतरी स्टिअरिंग दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे असं भराभर हलवतंय, आणि तुमचा हात सांध्यावर. बाहेरच्या एंडवर टक्-टक् जाणवली तर तो. तिथे काही नसेल तर रॅकवरचं पन्हाळीदार रबरी आवरण मुठीत दाबून आतला सांधा चाचपा.

बुशची तपासणी वेगळी. नुसत्या वरवरच्या भेगा असतील तर घाबरायचं कारण नाही. पहार लावून आर्म पुढे-मागे ढकला; रबर धातूपासून सुटलेलं दिसलं, आतली नळी एका बाजूला टेकलेली दिसली, किंवा तेलकट द्रव गळलेला दिसला (काही बुशांच्या पोटात द्रव भरलेला असतो), तर तो गेला. ब्रेक लावताना-सोडताना येणारा 'खट्' बहुधा मागच्या बुशचा असतो, कारण ब्रेकचा झटका आर्मला मागे ओढतो आणि तो ताण त्याच्यावर येतो.

एक चोर मात्र लक्षात ठेवा: स्टॅबिलायझर बारची (दोन्ही बाजूंची चाकं जोडून गाडीचा कल रोखणाऱ्या दांडीची) लिंक रॉड. लहान लहान उंचवट्यांवर, एकच चाक वर-खाली होताना ती कडकड करते, आणि दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढली की गप्प. बिचाऱ्या बॉल जॉइंटवर तिचा आळ फार वेळा येतो. तिचे दोन नट सोडून ती तात्पुरती बाजूला केली आणि अगदी हळू एक फेरी मारली तर निकाल लागतो.

सांध्याचं रबरी बूट फाटलं असेल पण खेळ नसेल तरी तो सांधा संपल्यात जमा धरा. ग्रीस बाहेर, पाणी आणि माती आत. पुढे काय होणार ते उघड आहे.

जाता जाता: खऱ्या अर्थानं 'दुरुस्त' होणारे सांधे आता दुर्मिळ. १९५९ साली आलेल्या मूळ मिनीत नकलचे बॉल जॉइंट उघडता यायचे. झीज झाली की पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) कमी करून वरचा घुमटासारखा नट पुन्हा कसायचा. आजचे सांधे कारखान्यातच बंद करून येतात. ते उघडायचे नसतात, बदलायचे असतात.

हत्यारं

जॅक, दोन स्टँड, गोट्यांचा संच, रिंग पाने, लांब हँडल, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला कसून 'कट्' करणारा पाना), जाड हातोडा, पहार, वायर ब्रश, गंज सोडवणारं तेल, मोजपट्टी आणि खडू. यात खास म्हणावं असं एकच: बॉल जॉइंट पुलर. दोन दातांचा पाचरीसारखा काटाही मिळतो, पण तो बूट हमखास फाडतो. सांधा फेकूनच द्यायचा असेल तर चालेल. फक्त आर्म उतरवायचा आहे आणि टाय रॉड एंड चांगला आहे, अशा वेळी काटा हातात घेऊ नका.

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टचे उघडे आटे वायर ब्रशनं घासून तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशीचा तासभर वाचतो.

सुटे भाग आणताना माझा कल पूर्ण आर्म घेण्याकडे असतो, म्हणजे बुश आणि बॉल जॉइंट बसवूनच आलेला. एक सांधा गेलाय म्हणजे त्याच वयाचे बाकीचे दोन रांगेतच उभे असतात, आणि बुश दाबून बसवणं हे घरच्या कामातलं सगळ्यात वैतागवाणं काम आहे.

उचलण्याआधी एक माप

हे माप विसरू नका. गाडी सपाट जागेवर स्वतःच्या वजनावर उभी असताना, चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि खडूनं मडगार्डवरच लिहून ठेवा. समजा ३७ सेंटीमीटर भरलं. याचं काम शेवटी आहे.

हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पाचर लावा, चाकांचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. मग उचला. दोन्ही बाजूंनी उचला, एकाच नाही. एक चाक वर आणि एक खाली असलं की स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि तुम्ही आर्म खाली दाबायला गेलात की तो उलटा भांडतो. स्टँड ठरलेल्या जागीच लावा, जॅक थोडा खाली करून गाडीचं वजन त्यांच्यावर येऊ द्या आणि गाडीला जोरात हलवून बघा. डुगडुगायची असेल तर तुम्ही खाली जाण्याआधी डुगडुगू दे. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक आधाराला नकोत. ते वाकून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवायची सवय चांगली.

टाय रॉड एंड

रॉडवरचा लॉकनट पाव फेरा ढिला करा, त्याहून जास्त नाही. लॉकनटपासून सांध्याच्या दांड्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून लिहा. मग सांध्याचा नट: स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून दांड्याच्या भोकातून घातलेली दुपेडी पिन) असेल तर ती सरळ करून ओढा, नट सोडा, पण पूर्ण काढू नका.

सांधा नकलमध्ये अडकलेला असतो कारण दांडा निमुळता असतो. नट कसला की तो शंकूसारख्या भोकात घट्ट रुततो आणि नट काढल्यावरही तसाच रुतलेला राहतो. पुलर लावून ताण द्या. मग नकलच्या ज्या कानात दांडा बसलाय, त्या कानाच्या बाजूवर हातोड्याचा एक खणखणीत फटका. कान क्षणभर लंबगोल होतो आणि पकड सुटते. 'टाण्' असा आवाज होऊन सांधा खाली पडतो आणि पहिल्या वेळी माणूस दचकतोच. नट दोन-तीन आट्यांवर ठेवलेला असतो तो याचसाठी, सांधा पायावर येत नाही. दांड्याच्या टोकावर मात्र ठोकू नका: आटे चेपतात, नट पुढे निघत नाही आणि दांडा हलत नाही तो नाहीच. नकल अॅल्युमिनियमचा असेल तर हातोडा बाजूला ठेवा, पुलर आणि धीर पुरेसा आहे.

कधी नटाबरोबर दांडाही फिरायला लागतो. सांध्याखाली जॅक लावून तो वर दाबा, म्हणजे निमुळता भाग पुन्हा रुततो. काही दांड्यांच्या टोकाला अॅलन कीसाठी षट्कोनी खाच असते, ती धरूनही चालतं.

आता एंड रॉडवरून फिरवत काढा आणि फेरे मोजा. साडेसतरा असतील तर साडेसतरा लिहा. नवा तेवढ्याच फेऱ्यांवर बसवा, पण फेऱ्यांपेक्षा मघाच्या मापावर विश्वास ठेवा, कारण नवा एंड जुन्याइतकाच लांब असेल असं नाही. हे काटेकोर का, तर एंड नुसता अर्धा फेरा इकडे-तिकडे झाला तरी चाकाचा टो (चाक पुढून किती आत किंवा बाहेर वळलंय ते) तीन-चार मिलिमीटरनं हलतो.

बॉल जॉइंट आणि आर्म

इथे दोन पद्धती. एकात दांडा निमुळता आणि खाली नट. तो वरच्यासारखाच सोडवायचा. दुसऱ्यात दांडा सरळ असतो, नकलला चीर असते आणि आडवा बोल्ट ती चीर आवळून दांडा पकडतो. हा बोल्ट दांड्यावरच्या खाचेतून जातो, म्हणून तो पूर्ण काढल्याशिवाय सांधा निघणारच नाही. बोल्ट निघाला की चिरेत छिन्नी हलकेच ठोकून ती केसभर फाकवा. केसभरच. जास्त फाकवलं तर कान तडकतो आणि मग नकलच बदलावा लागतो.

सांधा बाहेर येण्यासाठी आर्म खाली दाबावा लागतो. आर्मवर लांब पाइप ठेवून, त्याचं टोक सबफ्रेमखाली अडकवून वजन टाका. लिंक रॉड आधी सोडवली तर हे फारच हलकं जातं. सांधा सुटला की नकल मोकळा होऊन बाहेर झुलतो. त्याला लगेच दोरीनं स्ट्रटला बांधून आत धरा. नकल फार बाहेर ओढला गेला तर एक्सलचा आतला सांधा निसटू शकतो, आणि ब्रेकच्या होजवर व एबीएसच्या वायरवरही ताण येतो. ही दोरी बांधायला दहा सेकंद लागतात.

फक्त बॉल जॉइंट बदलायचा असेल आणि तो रिव्हेटनं बसवलेला असेल, तर रिव्हेटच्या डोक्याच्या मधोमध पंचनं खूण करा, आधी बारीक आणि मग जाड ड्रिल मारा, डोकं छिन्नीनं उडवा. नव्या जॉइंटबरोबर आलेलेच बोल्ट वापरा. डब्यात सापडलेले साधे बोल्ट इथे चालत नाहीत.

बुश बदलायचे असतील तर जुना काढण्याआधी त्याची दिशा खडूनं आर्मवर खुणवा. अनेक बुशांच्या रबरात पोकळ्या असतात आणि त्या ठरावीक बाजूलाच हव्यात. चुकीच्या बसल्या तर गाडी ब्रेकला विचित्र वागते. जुना निघत नसेल तर आतली नळी आणि रबर आधी काढून बाहेरच्या कड्याला करवतीच्या पात्यानं आतून चीर द्या, आर्मच्या धातूला न लावता. रबर जाळून काढायचा सल्ला बरेच जण देतात. धूर विषारी असतो आणि अनेकदा आर्मचा रंगही जातो, त्या वाटेला मी जात नाही. नवा बुश व्हाइसमध्ये किंवा लांब आट्याच्या सळईनं, दोन बाजूंना जाड वॉशर आणि मोठ्या गोट्या लावून दाबायचा. जोर बाहेरच्या कड्यावरच पडला पाहिजे. आतल्या नळीवर दाबलंत तर रबर बसवण्याआधीच फाटतं. ओलाव्याला साबणाचं पाणी घ्या. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस नको, नैसर्गिक रबर त्यानं फुगतं.

कसणं: कधी आणि कोणत्या उंचीला

बुशमधला बोल्ट काही बिजागरीचा खिळा नव्हे. बोल्ट कसला की बुशची आतली नळी ब्रॅकेटला जखडली जाते, बाहेरचं कडं आर्ममध्ये जखडलेलं असतंच, आणि आर्म वर-खाली होताना मधलं रबर पिळलं जातं. दुसरं काहीही फिरत नाही. आता चाक हवेत लोंबत असताना बोल्ट कसला तर रबराचा 'आरामाचा' कोन लोंबत्या आर्मचा ठरतो. गाडी जमिनीवर उतरली की आर्म वर येतो, आणि रबर पहिल्या मिनिटापासून पिळलेलं. मग प्रत्येक खड्डा त्या पिळावर आणखी पीळ देतो.

हे मी वाचून शिकलो नाही. पहिल्यांदा आर्म बदलला तेव्हा सगळं लोंबत्या स्थितीत, मोठ्या अभिमानानं टॉर्क रेंचचा 'कट्' ऐकत कसलं होतं. सहा महिन्यांत करकर सुरू झाली. काढून पाहिलं तर दोन्ही बुशांचं रबर एकाच बाजूला, गोल फिरत गेल्यासारखं फाटलेलं. नवेकोरे बुश, माझ्याच हातानं मारलेले.

तेव्हा बुशचे बोल्ट सुरुवातीला फक्त हातानं बसवा, टेकतील इतके. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड पूर्ण कसून घ्या. मग आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, बॉल जॉइंटच्या जवळ जॅक लावून तो हळूहळू उचला आणि मोजपट्टी लावा: चाकाच्या मध्याची जागा ते मडगार्ड. लोंबत असताना ते ४५ सेंटीमीटर असेल. ३७ आलं की थांबा. गाडी स्टँडवरून उठायला लागली तर जॅक आवरता घ्या, आणि उरलेलं काम चाक लावून, रॅम्पवर गाडी चढवून करा. आता बुशचे बोल्ट टॉर्कला न्या.

टॉर्कचे आकडे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. अंदाज यावा म्हणून: अनेक लहान गाड्यांत टाय रॉड एंडचा नट ३५ ते ५० न्यूटन-मीटर, चाकांचे नट १०० ते १२० च्या आसपास, आर्मचे बोल्ट बहुधा त्याहून वर. काही बोल्टना ठरावीक टॉर्क आणि त्यावर अमुक अंश फिरवणं असं सांगितलेलं असतं. असे बोल्ट ताणले जातात, ते सहसा नवेच घालायचे. नायलॉनची कडी असलेले नटही पुन्हा वापरू नका.

स्प्लिट पिनच्या नटाला एक नियम: टॉर्क पूर्ण झाल्यावर भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा. मागे घेऊन कधीच नाही. निमुळते भाग जोडताना दोन्ही पृष्ठभाग कोरडे आणि स्वच्छ पुसलेले हवेत, ग्रीस लावून बसवायचे नसतात. आणि आडव्या बोल्टच्या प्रकारात बोल्ट आत जात नसेल तर तो ठोकू नका; सांधा अजून पूर्ण वर बसलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. दांडा वर ढकला, खाच भोकासमोर आली की बोल्ट बोटानं सरकतो.

सांध्याला ग्रीसचं निपल असेल तर बूट जरासं फुगेपर्यंतच ग्रीस भरा. जास्त दाबलं तर बूट फाटतं.

रस्त्यावर नेण्याआधी

चाकं लावा, गाडी उतरवा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून होज किंवा वायर कुठे घासत नाही ना ते बघा. टायरच्या मधल्या खाचेत खडूची खूण करून, दोन्ही पुढच्या चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून, एक्सलच्या उंचीला मोजा. बहुतेक गाड्यांत हा फरक एक-दोन मिलिमीटरचाच असतो. तुमचा दहा निघाला तर एंड चुकीच्या मापावर बसलाय. हे मोजमाप अलाइनमेंटच्या मशीनपर्यंत गाडी नेण्यापुरतं. टाय रॉड एंडला हात लावला की अलाइनमेंट करावीच लागते, नाहीतर नवे टायर आतून खरवडल्यासारखे झिजतील.

पहिली फेरी हळू, मोकळ्या जागी. ब्रेक लावून-सोडून बघा, मग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून. साधारण शंभर किलोमीटरनंतर गाडी पुन्हा उचला आणि प्रत्येक नटावर पाना टाकून पाहा. बोल्ट कसल्यावर त्यावर आणि ब्रॅकेटवर खडूची एक आडवी रेघ ओढून ठेवली असेल तर पाना लावायच्या आधीच कळतं. रेघ तुटलेली दिसली की तोच बोल्ट हलला.